वुजूच्या पाण्यावर फुलणारे पेव

कोकणातल्या बहुतेक जुन्या घरांच्या मागच्या अंगाला एक जागा अशी असते की तिचे काय करावे ते कोणालाच कळत नाही. न्हाणीच्या भिंतीपलीकडे किंवा विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेला, जिथे दिवसातून पाच वेळा वुजूचे पाणी पडते आणि वाहून जाते, ती ही जागा. मे महिन्यात सगळे परस तापून निघालेले असते, पण एवढा तुकडा ओला राहतो. तिथे गुलाब लावला तर त्याची मुळे कुजतात आणि मोगरा पिवळा पडतो. अळू छान येते, पण एक घर अळू खाऊन खाऊन किती खाणार? दोन-चार पावसाळे गेले की घरातले कोणीतरी वैतागून म्हणते, "सिमेंट ओतून टाका एकदाचे, निदान चिखल तरी होणार नाही."

सिमेंट ओतण्याआधी आमचे थोडे ऐकून घ्या. या महिन्यात आम्ही लिहीत आहोत ते नेमक्या याच जागेसाठी जन्माला आलेल्या एका फुलझाडाबद्दल. ते रोपवाटिकेतून विकत आणायची गरज नाही आणि त्याला खते, फवारे काही लागत नाहीत. पावसाळ्यात आपल्या गावच्या रस्त्याकडेला, चरांत आणि आंब्या-काजूच्या बागांच्या बांधावर ते आपणहून उगवते. त्याचे नाव पेव. काही ठिकाणी पेवा म्हणतात, हिंदी मुलखात केऊ किंवा केवकंद.

वाचकांपैकी अर्ध्याअधिक जणांनी हे झाड पाहिलेले असणार, नाव मात्र ठाऊक नसेल. कमरेपासून डोक्यापर्यंत उंच वाढणारा, उसासारखा पण मांसल दांडा. दांड्याच्या टोकाला गडद तांबड्या खवल्यांचा एक शंकू, आणि त्या शंकूतून रोज एखाद-दोन पांढरीशुभ्र फुले डोकावतात. फूल इतके तलम आणि चुरगळलेले दिसते, की वाटते कोणी क्रेप कागदाचे करून खोचून ठेवले आहे. इंग्रजीत त्याला 'क्रेप जिंजर' म्हणतात ते यामुळेच. घशाशी पिवळी झाक. वास जवळजवळ नाहीच. सकाळी उमललेले फूल संध्याकाळपर्यंत मान टाकते, दुसऱ्या दिवशी त्याच शंकूतून नवे येते, आणि हा क्रम कित्येक आठवडे चालतो. फुले संपली तरी तांबडा शंकू तसाच राहतो, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला झाड अजून फुललेलेच वाटते.

पण आम्हाला विचाराल तर पेवाची खरी शोभा फुलात नाही, दांड्यात आहे. त्याचा दांडा सरळ वाढत नाही, स्वतःभोवती वळत वर जातो, आणि पाने त्या वळणावर एकेक पायरी चढल्यासारखी लागलेली असतात. मशिदीच्या मिनारात वर जाणारा गोल जिना आठवा, अगदी तसे. घरात लहान मुले असतील तर त्यांना एका दांड्यावरची पाने खालून वर मोजायला सांगा. किती पानांनंतर पुन्हा पहिल्या पानाच्या बरोबर वर पान येते, हे शोधण्यात एक दुपार सहज निघून जाते. पानाच्या खालच्या बाजूला बोट फिरवले तर रेशमासारखी मऊ लव लागते.

हा गोल जिनाच पेवाची ओळख पटवतो. पावसाळ्यात आपल्याकडे हळद, रानहळद, आले, सोनटक्का अशी एकाच घराण्यातली बरीच झाडे एकाच वेळी वर येतात आणि कोवळेपणी एकमेकांसारखी दिसतात. त्यांच्या पानांच्या ओळी दोन, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. पेवाची पाने मात्र फिरत वर जातात. दुसरी खूण नाकाची. हळदीचे किंवा आल्याचे पान चुरगळले की लगेच वास येतो. पेवाचे पान कितीही चुरगळा, हिरव्या गवतापलीकडे वास नाही. पूर्वी पेवालाही आल्याच्याच कुळात धरत असत. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे कूळ वेगळे मानतात, आणि त्या वेगळेपणात या दोन गोष्टी येतात.

मराठीत 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आहे. जमिनीत धान्य साठवायच्या कोठारालाही पेव म्हणतात, त्यामुळे वाक्प्रचार त्या कोठारावरून आला असे जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच असेल. तरीही जून सरता सरता कोकणातल्या एखाद्या बांधावर उभे राहावे. पंधरा दिवसांपूर्वी जिथे नुसती लाल माती होती तिथे हातभर उंच कोंबांची दाटी झालेली असते. कोठार न पाहिलेल्या कोकणच्या माणसाला हा वाक्प्रचार झाडावरूनच आला असे वाटले तर त्याला हसू नये.

ही दाटी इतक्या लवकर होते कारण झाड मुळात मेलेलेच नसते. पेव बहुवर्षायू आहे. दिवाळीनंतर त्याची पाने पिवळी पडू लागतात, डिसेंबर-जानेवारीत दांडे वाळतात, आणि मग मे अखेरपर्यंत जमिनीवर काही दिसत नाही. सगळा जीव जमिनीखालच्या आडव्या, गाठीगाठींच्या कंदात. पहिला पाऊस पडला की कंद जागा होतो. म्हणजे ज्या चार-पाच महिन्यांत आपल्याला पाण्याची टंचाई असते, त्याच महिन्यांत पेव काही मागत नाही. नवीन माणसाचा मात्र इथेच गोंधळ होतो. झाड वाळले असे समजून तो जागा खणतो, कंद फेकून देतो आणि कोथिंबीर पेरतो. लावलेल्या जागी एखादी खुंटी ठोकून ठेवली तर हे टळते.

आता लागवडीकडे वळू. हा अंक हाती पडेल तेव्हा मे महिना असेल, म्हणजे वेळ अगदी बरोबर आहे.

जागा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेवाला ओल हवी, डबके नको. रानातही ते चराच्या काठावर असते, चराच्या तळाशी नव्हे. वुजूचे पाणी जिथे पडते तिथून एक लहानशी पन्हळ काढून ते तीन-चार हात लांब न्यावे आणि तिथे वाफा करावा. घराच्या भिंतीला चिकटून वाफा नको, पाया ओला राहील. विहिरीच्या काठाला लागूनही नको. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाला अर्धा फूट विटांचे किंवा जांभ्याचे तुकडे टाका. वर दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि हाताला लागेल तेवढा पालापाचोळा. कोकणातली जांभ्याची जमीन कडक असते, त्यामुळे खणायला त्रास होईल, पण हे काम एकदाच करायचे आहे. वाफा भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच खोलगट ठेवा, म्हणजे पाणी बाहेर न जाता तिथेच मुरेल.

सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर पेव सर्वांत खूश. नारळी-पोफळीखाली, आंब्याच्या पसाऱ्याच्या कडेला ते उत्तम वाढते. अगदी गर्द सावलीत पाने भरपूर येतात, फुले कमी.

कंदाचा बोटभर लांबीचा तुकडा पुरतो, पण त्याला निदान दोन डोळे हवेत. तुकडा आडवा ठेवून दोन-तीन इंच मातीने झाका. दोन तुकड्यांत दीड-दोन फुटांचे अंतर, म्हणजे वर सांगितलेल्या वाफ्यात तीन तुकडे बसतात. पाऊस सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात. पहिल्या वर्षी फुले आली तर अल्हम्दुलिल्लाह, नाही आली तर धीर धरा. दुसऱ्या पावसाळ्यात बेट भरते, आणि जुलैच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत फुले मिळतात.

मे महिना हुकला तरी रस्ता बंद होत नाही. भर पावसात एखादा जून दांडा कापून त्याचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत आणि ओल्या वाळूत आडवे, अर्धे झाकून ठेवावेत. पेरांपाशी कोंब आणि मुळे फुटतात. कधी कधी फुलांच्या शंकूखाली दांड्यालाच लहान पिल्ले येतात. तीही तोडून लावता येतात. बियांपासून रोप होते, पण वेळ लागतो. बिया काळ्या, त्यांना पांढरा गर असतो आणि फळ लाल. हा थाट पक्ष्यांसाठी आहे. आपण लावलेल्या बेटापासून पन्नास पावलांवर दोन वर्षांनी एखादे रोप उगवलेले दिसले तर ती त्यांची कामगिरी समजावी. फुलांवर येतो तो मोठा काळा भुंगा. त्याला पाहून मुले घाबरतात, पण तो आपल्या कामात असतो, उगाच कोणाच्या वाटेला जात नाही.

वुजूच्या पाण्याबद्दल दोन शब्द सविस्तर लिहिले पाहिजेत, कारण घरोघरी हा प्रश्न येतो. एकदा वापरलेले हे पाणी झाडाला घालावे का? वुजूला वापरलेले पाणी पुन्हा वुजूला चालत नाही, पण ते नापाक नाही. शाफई आणि हनफी या दोन्ही मजहबांत हेच ग्राह्य मानले जाते. मातीत सोडायला काहीच हरकत नाही. झाडाच्या दृष्टीने तर हे घरातले सर्वांत चांगले सांडपाणी, कारण त्यात साबण नसतो आणि तेल नसते. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी मात्र या वाफ्यात सोडू नका. कपड्यांच्या पावडरीने माती बिघडते.

पाणी किती मिळते याचा हिशेब करून पाहू. लोट्याने वुजू केला तर एका माणसाला दीड-दोन लिटर लागतात. घरात पाच माणसे आणि पाच वेळा, म्हणजे वुजू टिकला नाही असे धरले तर पंचवीस वेळा. दिवसाला चाळीस ते पन्नास लिटर. नळ सोडून वुजू करणाऱ्या घरात याच्या कितीतरी पट पाणी जाते, आणि ते वाफ्याला जास्तच होईल. रसूलुल्लाह (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत अशी रिवायत आहे. आजच्या मापात तो मुद्द पाऊण लिटरच्या आसपास भरतो. पेवासाठी नळ मोठा सोडावा असे कोणी म्हणू नये. पावसाळ्यात आभाळातून मिळते ते आहेच, वुजूचे पाणी उपयोगी पडते ते पावसाने दडी मारली तेव्हा आणि ऑक्टोबरच्या उन्हात.

उन्हाळ्यात पेव झोपलेले असताना पन्हळीचे तोंड वळवून पाणी अळवाकडे किंवा केळीकडे न्यावे. वर्षभर ओल मिळाली तर काही दांडे हिरवे राहतात. त्याने नुकसान नाही, पण मे महिन्याच्या उन्हात त्यांची पाने करपतात आणि दिसायला बरे दिसत नाही. डासांची भीती असेल तर एवढेच पाहा की पाणी कुठे साचून राहत नाही ना. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस साचलेले पाणी लागते. संध्याकाळचे पाणी सकाळपर्यंत मुरले तर त्या वाफ्यात डास होत नाहीत. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा अंगणात पडलेल्या टायरात आणि गच्चीवरच्या फुटक्या बादलीत वाढतो. शेजारी उगाच पेवाला दोष देतील, त्यांना आधी गच्ची पाहायला सांगा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम या महिन्यात घेतला ती.

आमच्या वाचक भगिनींकडून वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न येतो. पेवाचे शास्त्रीय नाव 'कॉस्टस' आहे असे कोणी तरी मोबाइलवर दाखवले, आणि 'कुस्त' म्हणजेच कॉस्टस, तेव्हा परसातल्या पेवाचा कंद वाळवून, कुटून घरातल्यांना दिला तर चालेल का? कोणाच्या सासूबाईंना दमा आहे, तर कोणाच्या मुलाचा घसा वारंवार धरतो. विचारणाऱ्यांची नियत साफ आहे. पण उत्तर स्पष्ट आहे. चालणार नाही. हे झाड वेगळे आणि ते वेगळे.

बुखारी शरीफच्या वैद्यकाच्या भागात ज्याचा उल्लेख आहे, उम्मे कैस बिन्ते मिहसन (रजि.) यांच्या रिवायतीत ज्याला ऊदे हिंदी म्हटले आहे, ते कुस्त म्हणजे हिमालयात उंचावर होणाऱ्या एका झाडाचे मूळ. संस्कृतात त्याला कुष्ठ, हिंदीत कूठ, मराठीत कोष्ठ म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सॉसुरिया कॉस्टस. हे सूर्यफुलाच्या कुळातले झाड. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या थंड डोंगरांत ते होते. कोकणात लावले तरी जगणार नाही. त्याची फुले जांभळट, गोंड्यासारखी, आणि वाळलेल्या मुळाला असा उग्र वास असतो की अत्तारवाल्याच्या दुकानात डबा उघडला तरी कळतो. रानातले हे झाड इतके खणले गेले की 1985 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक यादीतले निर्बंध आहेत. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याची शेती होते.

मग नावाचा घोळ कसा झाला? संस्कृतातला कुष्ठ शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे गेला. ग्रीकांच्या तोंडी तो कोस्टोस झाला, अरबीत कुस्त झाला. पुढे 1753 मध्ये स्वीडनच्या लिनियसने झाडांची नवी नावे पाडताना 'कॉस्टस' हे जुने नाव उचलले आणि भलत्याच झाडांच्या गटाला दिले. त्या गटात नंतर आपले पेव जाऊन बसले. आता तर शास्त्रज्ञांनी पेवाला त्या गटातूनही काढले आहे. आधी त्याला केइलोकॉस्टस म्हटले, आणि आता हेलेनिया स्पेसिओसा म्हणतात. पण जुने नाव पुस्तकांत आणि मोबाइलमध्ये राहिले ते राहिलेच. माणसाचे आडनाव सारखे असले म्हणून तो आपल्या घराण्यातला ठरत नाही, तसेच हे.

हा नुसता नावाचा घोळ असता तर आम्ही इतके लिहिले नसते. पेवाच्या कंदात डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते. औषध कारखान्यांत त्यापासून स्टेरॉइड आणि हार्मोनची औषधे तयार करता येतात, म्हणून 1970 नंतर आपल्या देशात पेवावर बरेच संशोधन झाले. कारखान्यात शुद्ध करून, मोजून वापरायची गोष्ट आणि घरी खलबत्त्यात कुटलेली चिमूटभर पूड यांत फार अंतर आहे. गरोदर बाईने तर पेवाचा कंद तोंडात घालूच नये, कारण गर्भाशयावर त्याचा परिणाम होतो असे जुन्या वापरातूनही सांगितले जाते. काही आदिवासी भागांत कोवळे कोंब शिजवून खातात हे खरे आहे. पण त्यांना कोणता कोंब, कधी आणि कसा शिजवायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती माहिती आपल्याकडे नाही. कुस्त घ्यायचेच असेल तर ओळखीच्या, खात्रीच्या हकीमांना विचारून घ्या, आणि किती व कसे घ्यायचे तेही त्यांनाच विचारा. परसातले पेव पाहण्यासाठी आहे.

या घोळात तिसरे एक झाड आहे, रोपवाटिकेत 'इन्सुलिन प्लांट' म्हणून मिळते ते. तेही पेवाच्या कुळातले, पानांचा गोल जिना तसाच, पण झाड ठेंगणे आणि फूल नारिंगी. ते आपल्याकडचे नाही, दक्षिण अमेरिकेतून आले आहे. त्याचे पान रोज चघळले की साखर उतरते असे सांगतात, आणि अनेक घरांत बुजुर्ग मंडळी सकाळी एक पान तोडून खातात. पेवाचे पान म्हणजे तेच समजून खाणारेही भेटतात. मधुमेहाची गोळी चालू असताना असे काही डॉक्टरांना न सांगता खाणे योग्य नाही. गोळी बंद करून पानावर विसंबणे तर त्याहून वाईट. रमजानमध्ये रोजा असताना साखर एकदम खाली गेली तर काय होते, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

रोप कुठून मिळवावे? नात्यागोत्यात विचारा. कोकणात माहेर असलेल्या बाईच्या ओळखीत एक तरी परस असे निघतेच. रोपवाटिकेत 'क्रेप जिंजर' मागितले तर पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचे शोभेचे रोप पुढे करतात. ते घेऊ नका असे नाही, पण आपल्या मातीतले हिरवे पेव जास्त कणखर. राखीव जंगलातून काही उपटून आणणे गुन्हा आहे. कब्रस्तानात पावसाळ्यात पेव दाट माजते, पण ती जमीन वक्फची. एक कंदसुद्धा जमातीला विचारल्याशिवाय काढू नये. रस्ता रुंद करायला ज्या चरावर उद्या यंत्र फिरणार आहे, तिथले कंद मात्र कामावरच्या मंडळींना विचारून जरूर उचला. ते तुम्ही नेले नाहीत तर मुरुमाखाली जाणार आहेत.

कब्रस्तानाचा विषय निघालाच आहे तर जमातीच्या मंडळींना एक विनंती. पावसाळ्यात वाढलेले रान ऑगस्टमध्ये सरसकट कापण्याऐवजी येण्याजाण्याच्या वाटा आणि नवीन कबरींभोवतालची जागा तेवढी मोकळी करावी, बाकीचे ऑक्टोबर संपेपर्यंत राहू द्यावे. तोवर फुले होऊन बिया पडतात. आणि तणनाशक तर मारूच नये. अलीकडे लग्नाआधी, ईदच्या आधी अंगण 'स्वच्छ' करण्यासाठी पंप पाठीला लावून फवारा मारायची पद्धत आली आहे. कोयत्याने कापलेले पेव पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येते. तणनाशकाचे तसे नाही. ते पानातून शिरते आणि जमिनीखालच्या कंदापर्यंत पोहोचते. पेवाचा सगळा जीव तिथेच असतो. एका फवाऱ्यात तीस वर्षांचे बेट जाते आणि पुढच्या जूनमध्ये तिथे फक्त लाल माती दिसते. अंगणात फरशा बसवण्याचे तेच. गावोगाव पेवच्या जागी पेव्हर आले आहेत. अंगण चकचकीत झाले, पावसाचे पाणी मात्र मुरायचे थांबून रस्त्यावर वाहते, आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. फरशा बसवायच्याच असतील तर वुजूच्या जागेचा तो एक कोपरा तरी मातीचा राहू द्या.

घाटावरच्या वाचकांना वाटेल की हे सगळे कोकणचे कौतुक झाले, सोलापूर-लातूरच्या उन्हात आमचे काय? तिकडेही पेव येते. एप्रिल-मेचा वणवा पेटतो तेव्हा कंद जमिनीखाली झोपलेला असतो, त्याला ऊन लागत नाही. अडचण येते ती जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ओढ धरतो तेव्हा, आणि तिथे वुजूचे पाणी कामी येते. वाफा घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला करा, आणि वर चार बोटे पाचोळ्याचा थर ठेवा. काळ्या मातीत वाळू व विटांचा चुरा जरा जास्त मिसळा, नाहीतर पाणी धरून राहील.

मुंब्रा, मीरा रोडच्या इमारतींत राहणाऱ्यांनी चौदा-सोळा इंची कुंडी घ्यावी. खाली छिद्रे मोठी हवीत. बेसिनखाली टब ठेवून वुजूचे पाणी धरता येते. कुंडीतले पेव डोक्याइतके उंच होत नाही, कमरेपर्यंत येते, पण फुलते. दोन वर्षांनी मे महिन्यात कुंडी उलटी करून कंद वाटून घ्या, नाहीतर कुंडीच फोडून बाहेर येते.

रोग-किडींचा त्रास फारसा नाही. पहिल्या पावसात गोगलगायी कोवळे कोंब खातात. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचाव्यात आणि बेटाभोवती राख पसरावी, पाऊस पडून गेला की पुन्हा पसरावी. जंगलाला लागून घर असेल तर रानडुकरे कंद उकरतात. तिथे कुंपणाशिवाय दुसरा इलाज नाही. वाळलेले दांडे जानेवारीत जमिनीलगत कापून तिथेच आडवे पसरून द्या, जाळू नका. तेच पुढच्या वर्षीचे खत. तीन-चार वर्षांनी बेट फार दाट झाले की मे महिन्यात अर्धे कंद काढा आणि शेजारी-पाजारी वाटा.

फक्त एक करू नका. आखातात किंवा केप टाऊनला असलेल्या आप्तांसाठी सामानातून कंद पाठवू नका. त्या देशांचा कायदा आडवा येतो हे एक. दुसरे असे की पेव आपल्या घरी गुणी आहे, परक्या मुलखात नाही. हवाईसारख्या बेटांवर कोणी तरी हौसेने नेले आणि आता ते तिथल्या जंगलात पसरून स्थानिक झाडांच्या मुळावर उठले आहे.

जाता जाता, पेव फुलदाणीत टिकते का, हे विचारणाऱ्यांसाठी. पांढरे फूल टिकत नाही, दुपार टळली की मिटते. पण तांबड्या शंकूचा दांडा सकाळी लवकर, हातभर लांब, तिरका कापून साध्या पाण्यात ठेवा आणि पाणी एक दिवसाआड बदला. काही दिवस तो तसाच ताजा राहतो, आणि नशीब असेल तर घरात ठेवल्यावरही त्यातून एखादे फूल येते.